आईच्या गळ्यातला टाक

पंचवीस वर्षं पोलिसात काढली. घरफोड्या, खोटे चेक, चोरलेल्या गाड्या, सगळं आता डोक्यातून पुसलं गेलंय. परवा बायकोने विचारलं, तू पहिली अटक केलीस तो माणूस कोण, तर मला नावसुद्धा आठवेना. पण एक केस पाठ आहे. तिच्यात कोणाला बेडी पडली नाही, कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही. तरी ती विसरता येत नाही, कारण त्या केसमधली सगळ्यात मोठी चूक माझ्याच हातून झाली.

आधी माझ्याविषयी. मी मूळचा नागपूरचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंजिनीअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत आलो आणि मध्येच पोलिसात भरती झालो. मी नापास झालो होतो असं लोक सांगतात. साफ खोटं आहे, मला कंटाळा आला होता. इथली मराठी मंडळी मला पाठीमागे 'हवालदार' म्हणायची आणि खुशाल हसायची. पण वेगात गाडी चालवल्याबद्दल दंडाची पावती मिळाली की पहिला फोन मलाच यायचा. 'काका, काही करता येईल का हो?' काही करता येत नसे, आणि आलं असतं तरी मी केलं नसतं.

गाव कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला लागून, छोटंसं. साल २००५ च्या आसपास. मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि फसवणुकीचे गुन्हे बघायचो. ठाण्यात मराठी कळणारा मी एकटाच. या हकिगतीत मी नावं सांगणार नाही. मुलाला मुलगा म्हणतो आणि तिला आई म्हणतो. कागदावर हे दोन शब्द खरे होते की खोटे, हीच तर केस होती.

मंगळवारची सकाळ होती. हजेरी झाली, आदल्या पाळीच्या नोंदी वाचून झाल्या आणि मी कॉफी घेऊन टेबलाशी येतोय तोच पुढच्या काउंटरवरून फोन जोडून दिला. एक बाई होती. नाव सांगायला तयार नाही.

"त्या घरातली बाई त्याची आई नाही," ती इंग्रजीत म्हणाली आणि पत्ता सांगितला. तिचे उच्चार ऐकून मी सरळ मराठीत विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, ताई?"

पलीकडचा आवाज एकदम बदलला. मग धबधबा सुरू झाला. "अय्या, तुम्ही मराठी? बरं झालं. अहो, त्याची आई तो अंगावर पिणारा असतानाच गेली. आमच्या गावाकडे सगळ्यांना माहितीये. ही दुसरीच कोणीतरी आहे. आईच्या नावाने पेपर्स फाइल केलेत आणि पोरगी सांभाळायला घरात ठेवलीय तिला. कुठे सोडत नाहीत. पासपोर्टसुद्धा तोच ठेवतो."

"तुमचं नाव सांगाल?"

"नाव कशाला? माझ्या सख्ख्या बहिणीचा अर्ज लागून नऊ वर्षं झाली. नऊ! आम्ही रांगेत उभे, आणि हे लोक कोणालाही आई म्हणून उचलून आणतात." फोन आदळला.

निनावी फोन करणारा माणूस बहुतेक वेळा रागाने करतो. नव्या पोरांना मी नेहमी सांगायचो, राग आहे म्हणून माहिती खोटी समजू नका. रागात सांगितलेली माहिती पुष्कळदा खरी निघते. तिचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा असतो. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो, हे लक्षात ठेवा.

तिच्या रागाचं कारणही समजण्यासारखं होतं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेल्या मुलाला आईवडिलांना लगेच बोलावून घेता येतं, त्याला रांग नाही. बहीणभावाला बोलवायचं म्हटलं तर दहा-बारा वर्षं सहज जातात. त्यामुळे अर्जावर 'आई' असा शब्द असला की दार उघडतं. आणि जिथे एका शब्दाने दार उघडतं तिथे तो शब्द खोटा लिहिणारेही येतातच.

मी इमिग्रेशन खात्याच्या तपास शाखेला फोन लावला. तिथली अधिकारी पन्नाशीची, सडपातळ बाई होती, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली. प्रत्येक कागद दोनदा वाचायची. तिने फाइल काढली. मुलगा सदतीस वर्षांचा, चिप डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर, आदल्या वर्षी नागरिक झालेला. आई सत्तावन्न वर्षांची, मुलाकडे भेटीला म्हणून आलेली, आणि आता कायम राहता यावं म्हणून मुलाने तिच्यासाठी अर्ज केलेला. मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

"जन्माचा दाखला नाहीये," ती म्हणाली. "जन्म घरी झाला, नोंद झाली नाही. त्याऐवजी दोन प्रतिज्ञापत्रं आहेत. एक आईच्या भावाचं, एक शेजाऱ्याचं. याच बाईच्या पोटी हा मुलगा जन्मला, असं दोघांनी लिहून दिलंय."

आपल्याकडे जुन्या काळी घरी झालेल्या जन्माची नोंद नसणं यात काही नवल नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये. म्हणूनच अशा फाइलमध्ये काहीही घुसवता येतं."

दोन गुन्ह्यांचा संशय होता. खोट्या नात्याने अर्ज करणं हा तिच्या खात्याचा विषय. माणसाला डांबून ठेवून राबवून घेणं हा आमचा. दोघांनी मिळून जायचं ठरलं.

अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. मुलगा आणि सून कामावर गेलेले. आईने दार उघडलं. गव्हाळ रंग, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी. कडेवर दोन वर्षांची नात. माझ्या अंगावर गणवेश नव्हता, पण मी ओळखपत्र दाखवलं तशी तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी मराठीत बोललो तेव्हा कुठे दार पूर्ण उघडलं.

"या, बसा भाऊ. चहा टाकते."

माझ्याबरोबरच्या इमिग्रेशनच्या बाईने काय काय टिपलं ते मला दिसत होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घेतलेली. कोपऱ्यात खाली अंथरलेली सतरंजी. जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या, आणि ही बाई जमिनीवर बसणारी. मी विचारलं, जेवता कधी? म्हणाली, सगळ्यांचं झालं की. बाहेर जाता का? कुठे जाणार, रस्ते कळत नाहीत. पासपोर्ट कुठे? मुलाकडे, कपाटात, मला काय त्यातलं कळतंय. अमेरिकन डोळ्यांना हे सगळं पक्कं मोलकरणीचं लक्षण. माझ्या डोळ्यांना माझी मावशी दिसत होती, माझ्या सगळ्या मावश्या. मी गाडीत बसल्यावर तसं सांगितलं आणि डांबून ठेवल्याच्या संशयावर तिथेच काट मारली.

पण दुसरा संशय उलट वाढला. सहज म्हणून मी विचारलं होतं, "मुलाचा जन्म कधीचा, कुठला हो?" तिने धडाधड सांगितलं. आषाढातला मंगळवार, पहाटेची वेळ, कोणती सुईण, कोणत्या खोलीत, पाऊस होता, दिवा विझला. अर्ध्या तासाने मी पुन्हा तेच वेगळ्या तऱ्हेने विचारलं. उत्तर तेच, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. इतक्या वर्षांच्या चौकशांत मी एक शिकलो होतो. खरी आठवण दर वेळी थोडी वेगळी सांगितली जाते. माणूस मधेच थांबतो, छे छे, बुधवार होता, म्हणतो. पाठ केलेली गोष्ट तशी अडखळत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांनी दोघांना ठाण्यावर बोलावलं. अटक नव्हती. दार उघडं आहे, केव्हाही उठून जाऊ शकता, हे मी दोघांना स्वतंत्रपणे सांगितलं आणि टेपवर घेतलं. दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत बसवलं. नात्याच्या चौकशीत दोघांना एका खोलीत कधी बसवू नये, कारण मग एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

मुलगा वैतागलेला होता, पण घाबरलेला नव्हता. "काका, हे काय चाललंय? ऑफिसात रिव्ह्यू आहे माझा, तो कॅन्सल करून आलोय. कोणीतरी काहीतरी फोन करतं आणि तुम्ही माझ्या आईला पोलीस स्टेशनमध्ये आणता? शी इज फिफ्टी-सेव्हन, काका!"

मी प्रश्न विचारत गेलो, तो सांगत गेला. वडील पाटबंधारे खात्यात होते, सहा वर्षांपूर्वी वारले. लहानपण सगळं कोकणात. मूळ गाव विदर्भात, पण तिकडे जाणंयेणं नाही. का नाही? "बाबांचं आणि काकांचं पटत नव्हतं म्हणे. मी कधी विचारलं नाही." सांगताना तो अडखळत होता, स्वतःच्याच चुका सुधारत होता. शाळेचं एक वर्ष त्याने तीनदा बदललं. खरं बोलणारा माणूस असाच बोलतो, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

इमिग्रेशनच्या बाईने मग आपला उपाय पुढे केला. कागद कच्चे असतील तर रक्ताच्या नात्याची तपासणी करता येते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, बस. सक्ती नाही.

मुलगा हसला. "डीएनए ना? आत्ता करा. इथेच करा. विषय संपवून टाका."

मी शेजारच्या खोलीत आलो आणि आईला तेच समजावून सांगितलं. ती आधी नुसतं ऐकत होती. 'रक्ताचं नातं कळतं' हे शब्द कानावर पडले आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"नको."

"ताई, दुखत नाही काही. मुलगा तयार आहे."

"तो तयार असेल. मी नाही." तिने खुर्ची मागे सारली. "मला परत पाठवा भाऊ. उद्याच्या विमानात बसवा. मी सही करून देते, परत कधी येणार नाही म्हणून. पण ते नको."

"अहो, पण परत गेलात तर मुलगा, नात..."

"चालेल. सगळं चालेल. ती काडी तेवढी नको."

इतक्या वर्षांत मी हद्दपारी टाळण्यासाठी रडणारी, भांडणारी, पाया पडणारी माणसं पाहिली होती. हद्दपारी मागून घेणारी ही पहिलीच. तिने पदर सारखा करायला हात वर नेला तेव्हा गळ्यातली बारीक साखळी बाहेर आली. मंगळसूत्र नव्हतं, विधवा होती. साखळीत बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पातळ पत्रा, आणि त्यावर ठोकून उठवलेली एका बाईची आकृती. कडेने हळदीचा पिवळा डाग. माझी नजर गेलेली पाहून तिने तो झटकन आत टाकला.

मी तो ओळखला. माझी थोरली काकू अगदी असाच घालायची. आमच्याकडे त्याला सवतीचा टाक म्हणत. पहिली बायको वारल्यावर जी दुसरी लग्न करून घरात येते, ती पहिलीची प्रतिमा गळ्यात बाळगते. काकू रोज त्या टाकाला हळदकुंकू लावायची. नवं लुगडं आलं की आधी टाकाला टेकवायची आणि मग नेसायची. मेलेलीचा मान आधी.

म्हणजे ही दुसरी बायको. म्हणजे ही जन्मदाती नव्हे. म्हणजे प्रतिज्ञापत्रं खोटी, अर्ज खोटा आणि फोनवरची बाई खरी. कानामागे पेन्सिल खोचलेली ती हुशार अधिकारी शंभर वर्षं त्या फाइलकडे बघत बसली असती तरी तिला हे सापडलं नसतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी अभिमान वाटला. लाज वाटते आता, पण वाटला.

नियमाप्रमाणे मी काय करायला हवं होतं? तिथेच खाली बसायला हवं होतं. ताई, हा टाक कोणाचा, असं तिलाच शांतपणे विचारायला हवं होतं. पण पोलिसाच्या हाती हुकमाचं पान आलं की त्याला खरा खेळाडू समोर हवा असतो. माझ्या लेखी खेळाडू मुलगा होता. सही त्याची, फायदा त्याचा. मी उठलो आणि शेजारच्या खोलीत गेलो.

"तुझ्या आईच्या गळ्यात काय आहे?" मी विचारलं.

"गळ्यात? हां, ती आमची कुलदेवी आहे. आई रोज पूजा करते तिची." तो अजून थोडा हसतच होता. "का? त्याचं काय?"

"ती देवी नाही. तो टाक आहे. नवऱ्याची पहिली बायको वारली की दुसरी बायको तो घालते. आता सांग, तुझी आई कधी वारली?"

खोटं पकडलं गेलं की माणूस आधी दाराकडे बघतो, मग टेबलाकडे, मग रागावतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तो कुठेच बघत नव्हता. माझ्याकडेच बघत होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते आवरायचं त्याला सुचलंच नाही.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "आर यू शुअर?"

त्याला माहीत नव्हतं. सदतीस वर्षांच्या त्या माणसाला, जो आईच्या कागदपत्रांसाठी वर्षभर खपत होता, त्याला खरंच काही माहीत नव्हतं. आणि ते त्याला मी सांगितलं होतं. टेप चालू ठेवून.

तो उठला. दार उघडंच होतं, मीच सांगितलं होतं. तो शेजारच्या खोलीत गेला, मी मागोमाग. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय मिळालं हो, भाऊ?"

मी भिंतीकडे सरकलो.

मग मुलाने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि एकच विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

आईने नाव सांगितलं. मग सगळंच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, त्याच्याकडे बघत. त्याची जन्मदाती म्हणजे तिची थोरली बहीण. तो दहा महिन्यांचा असताना तापाने गेली. ही वीस वर्षांची. "मला बघायला कोणी आलंच नाही रे. मीच ताईचं पोरगं बघायला म्हणून गेले, ती तिथलीच झाले. पण गावातली येईल ती बाई तुझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, बिचारं, सावत्र आईच्या हाती पडलं. मी तुला ओरडले तरी सावत्र, दूधभात भरवला तरी सावत्र. तुला बोलणं कळायला लागायच्या आत तुझ्या बाबांनी लांबची बदली मागून घेतली. शाळेत माझं नाव लावलं. मामाला शपथ घातली. मी ठरवलं होतं, मरताना सांगेन."

बाळंतपणाची ती गोष्टही खरीच होती. आषाढ, मंगळवार, पाऊस, विझलेला दिवा. ती बहिणीच्या उशाशी बसून होती. जे डोळ्यांनी पाहिलं ते तिने स्वतःचं म्हणून पाठ केलं होतं. फोन करणारी बाई कोण असावी तेही तिच्या लक्षात आलं. कोणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाला एक बाई खोदून खोदून तिचं माहेर विचारत होती.

इमिग्रेशनची अधिकारी दारात उभी होती. तिला शब्द कळत नव्हते. मी बाहेर येऊन सारं सांगितलं. तिने कानामागची पेन्सिल काढली. "लग्न झालं तेव्हा मुलगा किती वर्षांचा होता?"

"वर्षाचा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग हे खोटं बोलले कशाला? मूल अठराच्या आत असताना लग्न झालं असेल तर सावत्र आई ही कायद्याने आईच. नातं आजही टिकून असलं की झालं. हे त्यांना कोणीच सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. सांगणार कोण? विचारायलाच तो शब्द उच्चारावा लागला असता. आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात तरी येईल का, की परक्या देशाचा कायदा सावत्र आईला सरळ आई म्हणतो? मी इथे इतकी वर्षं नोकरी केली होती, मलाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असतं आणि मी आधी आईपाशी बसलो असतो, तर तिला एवढंच सांगायचं होतं, ताई, घाबरू नका, तुम्ही स्वतः घरी जाऊन मुलाला सांगा, आणि मग दोघं मिळून या. तिची गोष्ट तिच्या तोंडून, तिच्या स्वयंपाकघरात सांगितली गेली असती. हे मला त्याच संध्याकाळी कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

पण केस अजून संपली नव्हती. खोटी प्रतिज्ञापत्रं फाइलीत होतीच. मुलाने ती खोटी आहेत हे माहीत असून लावली असं ठरलं असतं तर त्याच्यावर खटला, आणि आईचा अर्ज केराच्या टोपलीत. रिपोर्ट मला लिहायचा होता. मी त्यात एक वाक्य लिहिलं: 'अर्जदाराला ही वस्तुस्थिती मी सांगेपर्यंत माहीत नव्हती, असं माझं ठाम मत आहे.' सोबत ती टेप जोडली. माझी चूकच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरली. लोक मला म्हणतात, बघ, शेवटी चांगलंच झालं ना? मी त्यांना गप्प बसायला सांगतो.

पुढच्या आठवड्यात दोघांना जबाब दुरुस्त करायला बोलावलं. अट एकच. नातं काय आहे ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करायची. मुलाच्या पुढ्यात कागद ठेवला. नाव, पत्ता, तारीख त्याने भराभर लिहिली. नात्याच्या ओळीशी आला आणि पेन खाली ठेवलं.

"मी हा शब्द लिहिणार नाही. आय ॲम नॉट रायटिंग दॅट. शी इज माय मदर."

"कायदाही तेच म्हणतो," अधिकारी म्हणाली. "पण कशी आई, ते लिहावं लागेल. नाहीतर मला फाइल बंद करावी लागेल." ती कठोर नव्हती, पण कागदाच्या बाबतीत हलणारीही नव्हती. मुलगा हाताची घडी घालून बसला. माझा जीव टांगणीला लागला होता. एका शब्दापायी त्या बाईला विमानात बसवायची पाळी आली असती.

"काय लिहायचंय?" आईने मला विचारलं. मी सांगितलं.

"आधी मला द्या कागद."

ती मराठीत लिहू लागली. शाळेत शिकलेलं ठळक, गोल अक्षर, प्रत्येक शब्दाला वेळ घेऊन. लिहून झाल्यावर कागद तिने मला नाही, मुलाला दिला. तो वाचू लागला आणि दुसऱ्याच ओळीत त्याचे डोळे भरले.

"लिही आता," ती म्हणाली. "ज्या शब्दाला मी आयुष्यभर घाबरले तो मी लिहिला. तू कशाला घाबरतोस? मी सांगते म्हणून लिही."

त्याने लिहिलं. आई सांगते म्हणून.

तिच्या कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं आणि ते करणारा ठाण्यात मी एकटाच. 'मी याची सावत्र आई आहे. याची आई माझी सख्खी बहीण होती. हा दहा महिन्यांचा असल्यापासून माझ्याजवळ आहे. ही गोष्ट मी माझ्या मुलापासून लपवली. सरकारला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. चूक माझी आहे, त्याला काही करू नये.' भाषांतर बरोबर आहे असं लिहून खाली मी सही केली. पाच-सहा ओळी टाइप करायला मला अख्खी दुपार लागली.

अर्ज मंजूर झाला, थोडा उशिरा. मधल्या काळात ती निनावी बाई पुन्हा फोनवर आली. "काय झालं हो त्या केसचं? ती त्याची आई नाही ना?"

"आई आहे," मी म्हणालो आणि या खेपेला फोन मी ठेवला.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. या केसने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर एकच सांगतो. समोरचा खोटं बोलला की पोलिसाला वाटतं, हा माझ्याशी खोटं बोलतोय. आम्हाला स्वतःविषयी फार मोठे समज असतात. ती बाई माझ्याशी खोटं बोलत नव्हती, अमेरिकेच्या सरकारशीही नाही. तिचं खोटं एकाच माणसासाठी होतं आणि मी नेमका त्याच्याकडेच धावत गेलो. त्यानंतर कोणाचंही खोटं पकडलं की मी आधी स्वतःला विचारायचो, हे कोणापासून लपवलंय? आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठायचो नाही. उशिरा आलेलं शहाणपण, दुसरं काय.

दीड-दोन वर्षांनी ती मला सनीव्हेलच्या किराणा दुकानात दिसली. पैसे द्यायच्या रांगेत पुढे मुलगा होता, मागे ती, आणि सामानाच्या गाडीत बसलेली नात. टाक पदराच्या वर होता, उघड. नातीने तो मुठीत धरला आणि विचारलं, "आजी, हू इज शी?"

"ही तुझी मोठी आजी," ती म्हणाली. "बाबाची आई. मी धाकटी."

मुलाने तेवढ्यात मागे वळून मला पाहिलं. मान हलवली, पण हसला नाही. त्याचं बरोबरच होतं. आईचं लक्ष अजून माझ्याकडे गेलेलं नव्हतं. मी हातातली पिठाची पिशवी उचलली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिलो.